पत्र अडवण्याआधी

धार आणि देवास या माळव्यातल्या दोन जुन्या मराठी संस्थानांच्या निमित्ताने, मेल सर्व्हरवरच्या स्पॅम-नियमांचा विचार

धारचा लंबगोल शिक्का

धार संस्थानाने १८९७ साली स्वतःची टपाल तिकिटे काढली. गादीवर आनंदराव पवार (तिसरे) होते. छापखान्यात खिळे जुळवून रंगीत कागदावर छापलेली ही तिकिटे दिसायला अगदी साधी आहेत. देवनागरी मजकूर, भोवती नक्षीची चौकट आणि कडेला छिद्रे नाहीत, त्यामुळे कात्रीने कापून वापरायची. किंमत अर्ध्या पैशापासून दोन आण्यांपर्यंत. संग्राहकांचे लक्ष मात्र तिकिटावर काळ्या शाईत हाताने उठवलेल्या लंबगोल शिक्क्याकडे जाते. तिकीट वापरून झाले हे सांगणारा टपालाचा ठसा वेगळा असतो. हा शिक्का तिकीट चलनात येण्याआधीच मारलेला असे आणि तिकीट दरबाराच्या संमतीने बाहेर पडले आहे एवढेच तो सांगत असे. खिळे कोणत्याही छापखान्यात मिळत, रंगीत कागद बाजारात मिळे. शिक्का मात्र एकाच ठिकाणी होता. पुढे ३१ मार्च १९०१ रोजी ही तिकिटे बंद झाली आणि धारचे टपाल ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालात विलीन झाले.

चार वर्षे तिकिटे काढणाऱ्या या छोट्या टपालखात्याला एक गोष्ट नीट कळली होती. पत्रव्यवहार विश्वासावर चालतो, आणि विश्वासाला डोळ्यांनी तपासता येईल अशी खूण लागते. ई-मेलची रचना करणाऱ्यांनी नेमकी हीच खूण वगळली. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पोहोचवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. तेव्हाचे जाळे विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांचे होते, माणसे एकमेकांना ओळखत होती. त्यामुळे पाठवणाऱ्याने आपले जे नाव सांगितले ते खरे मानावे, असाच व्यवहार ठरला. आज मेल सर्व्हरवर स्पॅम अडवण्यासाठी जे काही करावे लागते, ते त्या वेळी राहून गेलेल्या शिक्क्याची भरपाई आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: कोणते पत्र आत घ्यायचे आणि कोणते अडवायचे हा निर्णय यंत्राचा वाटत असला तरी तो माणसाने लिहिलेल्या नियमांचा असतो. ते नियम ज्यांची पत्रे येतात-जातात त्यांना ओळखणाऱ्या माणसाने लिहिले पाहिजेत. माळव्यातल्या मराठी माणसाला तर हे अधिकच लागू आहे, कारण त्याच्या टपालात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच पेटीत पडतात.

देवासच्या दरबारातला इंग्रज सचिव

देवासमध्ये एका गावात दोन राज्ये होती. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या दोन शाखांची, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव (तिसरे) यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खासगी सचिव म्हणून राहिले. त्या दिवसांची पत्रे आणि आठवणी त्यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. देवी म्हणजे देवासची टेकडीवरची देवी.

देवासला सचिव म्हणून येण्याआधी बारा वर्षे, १९०९ साली, याच लेखकाने ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली होती. तिच्यातली माणसे जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात आणि यंत्रामार्फतच एकमेकांशी बोलतात. कथेतली वाष्टी मुलाशी बोलण्यासाठी बाकीचे सगळे आवाज बंद करते. बोलणे संपल्यावर ती बटण पुन्हा फिरवते तेव्हा अवघ्या तीन मिनिटांत साचलेले निरोप, चौकश्या आणि आमंत्रणे तिच्यावर एकदम कोसळतात. संगणक जन्मालाही आला नव्हता तेव्हा लिहिलेला हा प्रसंग आजच्या कोणत्याही कार्यालयातल्या सकाळचा वाटतो. फॉर्स्टर यांना त्रासाचे मर्म दिसले होते. निरोप पाठवणे जवळजवळ फुकट झाले की त्याचा सगळा भार वाचणाऱ्यावर पडतो.

स्पॅमचे अर्थशास्त्र एवढेच आहे. साध्या टपालात पाठवणारा तिकीट लावतो, म्हणून तो दहा वेळा विचार करतो. ई-मेलमध्ये दहा लाख पत्रांचा खर्च दहा पत्रांपेक्षा फारसा जास्त नसतो, आणि दहा लाखांतल्या एखाद-दुसऱ्याने जाळ्यात पाय टाकला तरी धंदा फायद्यात जातो. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली. ते पहिले नोंदलेले स्पॅम मानले जाते आणि तेव्हाही लोक चिडले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातली मॅककोलो ही एकच होस्टिंग कंपनी जाळ्यापासून तोडली गेली, आणि जगभरातले स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून अधिक घटले. ती घट टिकली नाही. आजही जगात फिरणाऱ्या ई-मेलपैकी जवळपास निम्मी नको असलेलीच असतात.

शिक्का आणि मोर्तब

मराठा दरबारांच्या पत्रव्यवहारात कागदाच्या वरच्या भागात शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब. शिवकालीन पत्रांखाली ‘मर्यादेयं विराजते’ हा ठसा दिसतो. मजकुराची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी ओळ जोडली तर ती आमची नाही, असा त्याचा सांगावा. शिक्क्याने पाठवणारा ठरे, मोर्तबाने मजकूर गोठे. ई-मेलला या दोन्ही गोष्टी उशिरा मिळाल्या, आणि मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचे पहिले काम त्या नीट बसवणे हेच असते. नियमांची लांबलचक यादी त्यानंतर.

पहिली व्यवस्था एसपीएफ. आपल्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने कोणकोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची यादी मालकाने जाहीर नोंदीत लिहून ठेवायची. पत्र घेणारा सर्व्हर ती यादी वाचतो आणि पत्र तिच्याबाहेरच्या यंत्राकडून आले असेल तर सावध होतो. दुसरी व्यवस्था डीकेआयएम. पाठवणारा सर्व्हर पत्राचा मजकूर आणि मुख्य शीर्षओळी यांवरून गणिताने एक सही तयार करतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. या मानकात एक पळवाट ठेवलेली आहे: मजकुराच्या अमुक लांबीपर्यंतच सही लागू आहे असे सांगता येते. तसे सांगितले की सही शाबूत ठेवून खाली कोणीही नव्या ओळी जोडू शकतो. मोर्तब ज्या फसवणुकीसाठी होते तीच ही फसवणूक. म्हणून लांबीची ही मर्यादा कधीही वापरू नये.

तिसरी व्यवस्था डीमार्क, तिचे मानक मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचणाऱ्याला प्रेषक म्हणून जे नाव दिसते त्याचा या दोन तपासण्यांशी मेळ बसतो का हे ती पाहते, आणि मेळ बसला नाही तर काय करायचे हे त्या डोमेनच्या मालकाला सांगू देते: काहीच करू नका, बाजूला ठेवा, किंवा नाकारा. जगभरातून आलेले अहवालही तीच मालकाला पाठवते. नवख्या व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी ‘नाकारा’ लिहू नये. आधी काही आठवडे अहवाल वाचावेत. पगाराची पावती पाठवणारी सेवा, हिशेबाचे सॉफ्टवेअर, सदस्यांना पत्रके पाठवणारी सेवा, असे आपल्याच नावाने पत्र पाठवणारे किती घटक आहेत हे त्या अहवालांतून कळते. त्या सगळ्यांची नोंद झाली की मगच नियम कडक करावा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या गोष्टी ऐच्छिक ठेवलेल्या नाहीत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते आणि जाहिरातीच्या पत्रांत एका टिचकीत सदस्यत्व सोडण्याची सोय द्यावी लागते. लहान संस्थांनाही पहिल्या दोहोंपैकी निदान एक लागतेच. एखाद्या मराठी समाजाची गणेशोत्सवाची किंवा व्याख्यानमालेची पत्रिका सदस्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर दोष बहुधा मजकुरात नसून या नोंदींच्या अभावात असतो.

गुणांची बेरीज

शिक्का तपासला म्हणजे पत्र चांगले ठरत नाही. फसवणारा स्वतःचे डोमेन विकत घेऊन त्यावर तिन्ही नोंदी व्यवस्थित करू शकतो. म्हणून मजकुराची तपासणी लागते, आणि तिथे नियमांचे खरे काम सुरू होते.

जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये सुरू केलेले आणि आता अपाची प्रकल्पात असलेले स्पॅमअसॅसिन आजही असंख्य सर्व्हरांवर चालते. त्याची पद्धत गुणांची आहे. प्रत्येक नियम पत्रातली एक खूण तपासतो आणि ती सापडली तर काही गुण देतो. विषयाची ओळ सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत आहे, पाठवणारे यंत्र बदनाम यादीत आहे, मजकुरातला दुवा संशयास्पद आहे, अशा खुणांचे गुण वाढत जातात. ओळखीच्या आणि विश्वासू खुणांना उणे गुण मिळतात. बेरीज पाचावर गेली की पत्र स्पॅम. पाच हा आकडा मुळातच ठरवून दिलेला आहे आणि व्यवस्थापक तो बदलू शकतो.

या पद्धतीचे शहाणपण असे की कोणतीही एक खूण एकटी फाशी देत नाही. नवखे व्यवस्थापक इथेच चुकतात. एखाद्या त्रासदायक पत्रात ‘कर्ज’ हा शब्द दिसला की ते त्या शब्दालाच दहा गुण देऊन मोकळे होतात. मग सहकारी पतपेढीची नोटीस, बँकेचे विवरणपत्र आणि शेतकऱ्याच्या पीककर्जाचा अर्ज, सगळेच कचऱ्यात जाते. नवा नियम लिहिताना त्याला आधी अर्धा किंवा एक गुण द्यावा, आठवडाभर तो कोणत्या पत्रांना लागतो ते सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, पाहावे आणि मग गुण ठरवावेत.

दुसरी मोठी पद्धत संभाव्यतेची. अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या सूत्रावर आधारलेली ही कल्पना पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२ मधल्या निबंधाने सर्वदूर पोहोचवली. नियम माणसाने लिहायचे नाहीत. चांगल्या आणि वाईट पत्रांचे नमुने यंत्राला दाखवायचे आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात जास्त येतो हे त्याने मोजायचे. स्पॅमअसॅसिनमधला हा भाग निदान २०० चांगली आणि २०० वाईट पत्रे शिकल्याशिवाय मतच देत नाही. त्याची ताकद स्थानिक शिकवणीत आहे. देवासच्या पंप बनवणाऱ्या कारखान्याला ‘कोटेशन’, ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘डिस्पॅच’ हे शब्द रोजचे आहेत. एखाद्या शाळेला ते परके वाटतील. दुसऱ्याच्या पत्रांवर शिकलेले यंत्र उसने आणणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणे.

मराठी पत्राची कोंडी

इथे आपला खास प्रश्न सुरू होतो. स्पॅमविरोधी अवजारे इंग्रजीच्या अंगणात वाढली. त्यांची सवय आणि त्यांचे अंधारे कोपरे तिथूनच येतात.

पहिले उदाहरण साध्या शब्दनियमाचे. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर वीट्सा वेनेमा यांनी १९९८ मध्ये खुला केला. त्यात शीर्षओळी आणि मजकुरातले शब्द तपासण्याची सोय आहे, पण ती सांकेतिक रूपातला मजकूर उलगडत नाही. देवनागरीतली विषयओळ बहुधा इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांच्या सांकेतिक रूपात प्रवास करते. त्यामुळे पोस्टफिक्समध्ये कोणी देवनागरीत ‘लॉटरी’ अडवण्याचा नियम लिहिला तर तो शांतपणे निकामी राहील. व्यवस्थापकाला वाटेल नियम चालू आहे, आणि मराठीतली लॉटरीची पत्रे येतच राहतील. मजकूर आधी उलगडणाऱ्या अवजारातच असा नियम लिहावा लागतो. स्पॅमअसॅसिन मजकूर उलगडते, आणि डिसेंबर २०२२ मधल्या ४.० आवृत्तीत इंग्रजीबाहेरच्या लिप्यांचे काम पुष्कळ सुधारले. अनेक सर्व्हरांवर मात्र जुनीच आवृत्ती चालू असते.

दुसरे उदाहरण भाषा ओळखण्याचे. स्पॅमअसॅसिनमध्ये टेक्स्टकॅट नावाचा जोडभाग आहे, मुळात बंद ठेवलेला. अक्षरांच्या छोट्या साखळ्यांवरून तो पत्राची भाषा ठरवतो आणि आपण मान्य केलेल्या यादीबाहेरची भाषा आली की गुण वाढवतो. त्याच्या यादीत मराठी आहे, हिंदी, नेपाळी आणि संस्कृतही आहेत. चारही देवनागरीत लिहिल्या जातात, त्यामुळे छोट्या पत्रात अंदाज चुकू शकतो. ‘बिल पाठवले, पोच द्या’ एवढ्या मजकुरावर कोणते यंत्र ठाम सांगणार? समजा, देवासच्या एखाद्या कार्यालयातल्या व्यवस्थापकाने मान्य भाषांत इंग्रजी आणि हिंदी लिहिली आणि मराठी विसरला. पुण्याच्या पुरवठादाराचे मराठी पत्र, नागपूरच्या आतेबहिणीच्या लग्नाची पत्रिका, इंदूरच्या मराठी संस्थेचे निमंत्रण, सगळ्यांवर गुणांचा भार पडेल. माळव्यात असा जोडभाग सुरू करायचा असेल तर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत चारही लिहाव्यात, नेपाळीही जोडावी. नाहीतर तो बंदच ठेवावा.

तिसरे उदाहरण रोमन अक्षरांतल्या मराठीचे. आपली किती तरी माणसे मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. भाषा ओळखणाऱ्या यंत्राला ती मराठीही वाटत नाही आणि इंग्रजीही. चौथे उदाहरण जुन्या फॉन्टांचे. मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत कृतिदेव आणि महाराष्ट्रात श्रीलिपीसारख्या फॉन्टांमध्ये टंकलेला मजकूर तसाच पत्रात चिकटवला की समोरच्या यंत्राला तो अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. स्पॅम पाठवणारेही नियम चुकवण्यासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरे घालतात. त्यामुळे सरळ माणसाचे सरळ पत्र संशयित ठरते. यावर उपाय फिल्टरमध्ये नाही, लिहिणाऱ्याच्या हातात आहे. पत्र युनिकोडमध्येच लिहावे.

देवनागरीत पत्तेही आता शक्य आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ ही डोमेन सुरू झाली आणि त्याच महिन्यात जीमेलने इतर लिप्यांतल्या पत्त्यांवर पत्रव्यवहार स्वीकारला. लगोलग गूगलने दोन लिप्यांतली दिसायला सारखी अक्षरे मिसळून केलेले फसवे पत्ते अडवण्याचा नियमही लावला. नवी लिपी आली की तिच्यासोबत नवी फसवणूक येते. लिपी अडवणे हा तिच्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

नाकारायचे तर दारात

स्पॅमच्या चर्चेत सगळे किती कचरा अडवला ते मोजतात. चांगले पत्र किती अडवले याकडे फार कमी लोक पाहतात, कारण न आलेल्या पत्राची तक्रार करणार कोण?

म्हणून मेल सर्व्हरच्या कामात एक नीती पाळलीच पाहिजे. पत्र नाकारायचे असेल तर ते आत घेण्यापूर्वी, पाठवणारा सर्व्हर दारात उभा असताना नाकारावे. तेव्हा नकाराचे उत्तर त्या सर्व्हरला मिळते आणि खरा माणूस असेल तर त्याला कळते की पत्र पोहोचले नाही. तो फोन उचलतो. पत्र ‘स्वीकारले’ म्हणून आत घेतले आणि मग गुपचूप पुसून टाकले, तर दोन्ही बाजू अंधारात राहतात. एसएमटीपीचे मानकही हेच सांगते: एकदा पत्र स्वीकारले की ते पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्याचे कळवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. संशय अर्धवट असेल तर पत्रावर खूण करून ते वेगळ्या खणात ठेवावे. पुसू नये.

‘ग्रेलिस्टिंग’ ही २००३ पासूनची युक्तीही जपून वापरावी. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगायचे. खरा सर्व्हर पुन्हा येतो, त्या काळातली स्पॅमची यंत्रे येत नसत. स्पॅम कमी होते, पण पहिले पत्र उशिरा पोहोचते. ज्या कार्यालयात निविदेची मुदत मिनिटांवर असते, तिथे तो उशीर महाग पडू शकतो.

पैसा जिथे फिरतो

धार जिल्ह्यातले पिथमपूर हे मध्य भारतातले मोठे औद्योगिक क्षेत्र. देवासमध्ये किर्लोस्कर ब्रदर्सचा कारखाना आहे, आणि बँक नोट प्रेसही आहे. तिथे नोटांबरोबर त्या छापण्याची खास शाईही बनते. खऱ्या-खोट्याचा भेद शाईत उतरवणाऱ्या गावाला ई-मेलमधला भेद कळायला वेळ लागू नये.

मोठ्या कंपन्यांना पुरवठा करणाऱ्या लहान कारखान्यांसमोरचा धोका लॉटरीच्या पत्राचा नाही. धोका असा: पुरवठादाराच्या नावाने पत्र येते की आमचे बँक खाते बदलले आहे, पुढचे पैसे नव्या खात्यात टाका. नाव बरोबर, सहीची ओळ बरोबर, चालू बिलाचा क्रमांकही बरोबर. फक्त पत्त्यात एक अक्षर वेगळे, किंवा उत्तर भलत्याच पत्त्यावर जाईल अशी व्यवस्था. इथे दोन नियम उपयोगी पडतात. दिसणारे नाव आपल्या मालकाचे किंवा नेहमीच्या पुरवठादाराचे असून पत्ता बाहेरचा असेल, तर पत्रावर ठळक इशारा लावावा. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि उत्तराचा पत्ता यांची डोमेन वेगळी असतील, तर काही गुण वाढवावेत. पुरवठादाराचे खरेच खाते ताब्यात गेले असेल तर मात्र कोणताही फिल्टर पुरा पडत नाही. त्यावर एकच इलाज: खाते बदलण्याची सूचना आली की आधीपासून वहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर कळवायचे. पहिल्या काही तासांत कळले तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

भारतात फक्त स्पॅम ई-मेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक आणि फसव्या ई-मेलचा उल्लेख होता, पण ते अतिव्यापक कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तोतयेगिरी करून फसवण्याचे कलम ६६ड कायम आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ मधल्या आदेशानुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. मेल सर्व्हरचे लॉग हा भार समजू नये. फसवणूक झाली तर पुरावा तिथेच असतो.

प्रत्येक संस्थेला विनंती

या दिवाळीत धार-देवासच्याच नव्हे, तर प्रत्येक मराठी संस्थेच्या, कारखान्याच्या आणि शाळेच्या कार्यकारिणीने आपल्या ई-मेल व्यवस्थेबद्दल चार प्रश्न विचारावेत. आपल्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी आहेत का? आपले फिल्टर मराठी पत्र ओळखते का, की इंग्रजीच्या मापाने मोजते? अडवलेल्या पत्रांचा खण आठवड्यातून एकदा कोण उघडतो? आणि या सगळ्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘सर्व्हिस देणारी कंपनी बघते’ असे आले, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे नकारार्थी असण्याचीच शक्यता जास्त. संस्थेतला एक माणूस नेमा, त्याला शिकायला वेळ द्या आणि त्याने लिहिलेल्या प्रत्येक नियमाशेजारी तो का लिहिला याची एक ओळ ठेवायला सांगा. दहा निरुपयोगी पत्रे आत आली तर दोन मिनिटे जातात. एक खरे पत्र गुपचूप पुसले गेले तर कोणाची नोकरी, कोणाची निविदा, कोणाचे नाते जाऊ शकते. नियम लिहिताना तराजूत हे दुसरे पारडे कायम जड धरा.